उसवमास्तरांची लाकडी जमीन

मास्तरांना लोक पाठीमागे उसवमास्तर म्हणत, आणि ते काही उगाच नाही. सारा जन्म त्यांनी कोट आणि विजारी शिवण्यात घालवला, पण दुकानात दिवसभर ऐकू यायचा तो शब्द 'शिव' नव्हे, 'उसव'. कारागिराने बाही लावली आणि खांद्यावर केसभर चुणी दिसली की उसव. गिऱ्हाईक आरशासमोर वळून वळून म्हणे, "मास्तर, छान बसलाय की!" तर मास्तर त्याच्या अंगावरूनच कोट उतरवून घेत आणि म्हणत, "तुम्हाला बसलाय, मला नाही बसलेला." एक नवरदेव म्हणे मित्राचा कोट घालून बोहल्यावर चढला, कारण त्याचा स्वतःचा मास्तरांकडे उसवून पडला होता. तो कोट पुढे त्याने पोराच्या लग्नात घातला, अशी पुस्ती कारागीर जोडत. मास्तर ऐकत आणि हसत नसत. त्यांच्या मते त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, कोट शेवटी नीट बसला होता.

दुकानाच्या खिडकीखाली ठेंगण्या स्टुलावर मास्तरीणबाई बसायच्या. काजं, बटणं आणि हातशिलाई हे खातं त्यांचं. बाकीचे कारागीर आले नि मास्तरांच्या तोंडाला कंटाळून गेले, बाई जातात कुठे? त्यांच्याही वाट्याला तोच शब्द येई. मास्तर काज उजेडात धरत, डोळे बारीक करत आणि म्हणत, "उसव."

"असू दे हो," बाई म्हणत. "कोण बघतंय आतलं काज?"

"असू दे म्हणून कपडा अंगावर बसत नाही."

एवढं झालं की बाई उसवायला घेत. भांडण नाही, रुसवा नाही. 'असू दे' म्हणायचं आणि उसवायचं, असा त्यांचा संसार झाला. मास्तरांना वाटे, ही बाईंची बोलायची सवय आहे, दुसरं काही नाही.

मास्तरांचा खरा तोरा चौकड्याच्या कापडावर चाले. साधं कापड कुणीही शिवतो. चौकडा असला की शिंप्याचा कस लागतो, कारण शिवणीच्या अलीकडची रेघ पलीकडच्या रेघेला अशी भेटली पाहिजे की मध्ये शिवण आहे हे कळू नये. मास्तरांनी कोटाला खिसा लावला तर गिऱ्हाइकाला तो हाताने चाचपून शोधावा लागे. रेघेला रेघ मिळवायची, ही त्यांची एकच भक्ती. तिच्यापायी त्यांनी माणसं दुखावली, कापड वाया घालवलं, जेवणं थंड केली.

मग एका दुपारी बाईंच्या हातून सुई पडली. त्या उचलायला वाकल्या आणि तशाच कलंडल्या. दवाखान्यातून बाहेर आल्या तेव्हा उजवा हात मांडीवर पडून राहिला होता, उजवा पाय जमिनीवरून फरफटत होता, आणि बोलणं सगळं गेलं होतं. लेकीने रोज समोर बसून 'पाणी' म्हणवून पाहिलं, 'आई' म्हणवून पाहिलं. काही महिन्यांनी बाईंच्या ओठांवर आले ते दोनच शब्द, "असू दे." पाणी हवं का? असू दे. दुखतंय का? असू दे. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर जे जास्त बोललं जातं तेच कधीकधी शिल्लक राहतं. मास्तर तेव्हा खिडकीबाहेर बघत होते.

जुनं घर दुकानाच्या वर होतं. जिना उभा, आणि प्रत्येक दाराला टाचभर उंबरा. तिथे बाईंना नेणं शक्यच नव्हतं, म्हणून लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. मास्तरांनी दुकानाचा दरवाजा ओढून घेतला तो पुन्हा उघडला नाही. नवीन इमारतीतलं घर त्यांनी कधीच नोंदवून ठेवलं होतं, लिफ्ट असलेलं. त्याचं बांधकाम रखडत रखडत एकदाचं संपलं आणि किल्ल्या हातात आल्या.

किल्ल्या आल्या म्हणजे घर आलं असं नाही. त्या इमारतीत घरं उघडी-नागडीच देत. भिंती, खिडक्या, नळ तेवढे बिल्डरचे, जमिनीचं ज्याचं त्याने बघायचं. मास्तरांनी दार उघडलं तर समोर नुसता सिमेंटचा कोबा, त्यावर गिलाव्याचे वाळलेले गोळे आणि कुणीतरी विझवलेल्या सिगारेटी. खोकला आला तर खोकल्यालाही प्रतिध्वनी येत होता.

"बाबा, आईला इथेच राहू दे," लेक म्हणाली. "तिकडे घराला जमीनसुद्धा नाहीये."

"जमीन घालतो मी."

"घाला. मग मी येऊन बघीन. पण एक सांगते, तिचा पाय अडेल असं काही मला तिथे दिसलं, किंवा ती एकदा जरी पडली, तर मी तिला परत घेऊन येईन. आणि मग पुन्हा हा विषय काढायचा नाही."

लेक बापावरच गेली होती. मास्तरांना तिचं म्हणणं पटलं, हेच त्यांना झोंबलं.

त्या इमारतीत बहुतेक घरांच्या जमिनी एकच माणूस घालत होता. सगळे त्याला फरशीवाला म्हणत, काम लाकडी पट्ट्यांचं असलं तरी. कानावर पेन्सिल, गुडघ्यांना रबरी टोप्या, आणि तोंडात कायम काहीतरी चघळणं. त्याने खोल्या फिरून पाहिल्या आणि म्हणाला, "झटपट होईल. दारांत तेवढी पितळी पट्टी येईल."

"पट्टी कशाला?"

"दोन खोल्यांची जमीन तिथे तोडायची असते, मास्तर. लाकूड आहे, हवेप्रमाणे हलतं. तोडलेल्या जागेवर झाकण नको?"

"किती उंच?"

फरशीवाल्याने अंगठ्याचं नख दाखवलं. "एवढीशी. नखभर."

"माझ्या बायकोला नखभरही पाय उचलता येत नाही," मास्तर म्हणाले आणि त्यांनी त्याला दाराबाहेर नेऊन सोडलं.

तर असं करून मास्तरांनी जमीन स्वतः घालायचं ठरवलं. ऐकणाऱ्यांनी कपाळाला हात लावला. या वयात माणसं गुडघे शेकत बसतात, हे गुडघ्यांवर जमीन घालायला निघाले. पण मास्तरांचं गणित सरळ होतं. पलंगापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून मोरीपर्यंत एकसंध जमीन, कुठे पट्टी नाही, उंबरा नाही, पायाला अडेल असा दोरा नाही. अशी जमीन झाली तर बायको घरी येणार होती, नाही तर ती लेकीच्या घरी मागच्या खोलीत संपून जाणार होती. लेक वाईट वागवत होती असं नाही, फार चांगलं बघत होती. पण त्या खोलीत बाई भिंतीकडे तोंड करून निजत, आणि मास्तर पाहुण्यासारखे बाहेर बसून चहा घेऊन परत येत.

त्यांनी कोबा खरवडला, झाडला, पुसला, पुन्हा झाडला. त्यावर पातळ फोम अंथरला, कोटाला अस्तर लावतात तसा, एक सुरकुती न ठेवता. मग पट्ट्यांचे खोके फोडले. कुणी दुसरा असता तर पहिली पट्टी काढून लावायला लागला असता. मास्तरांनी सगळ्या पट्ट्या भिंतींना टेकवून उभ्या केल्या आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. प्रत्येक पट्टीवर लाकडाच्या रेघा छापलेल्या होत्या, कुठे गाठ, कुठे लाट. मास्तर हिची गाठ तिच्या लाटेला लावून बघत, नाक मुरडत, दुसरी उचलत. टेप गळ्यात, खडू कानावर. शिंप्याचा निळा खडू कोब्यावर छान उमटतो, हा शोध लागल्यावर त्यांना कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

पट्टीची एक बाजू दुसरीच्या खाचेत घालायची, लाकडी ठोकळा लावून रबरी हातोडीने ठोकायची की ती खट्कन बसे. ओळीमागून ओळ. आणि मास्तरांनी प्रत्येक ओळ अख्ख्या पट्टीपासूनच सुरू केली, म्हणजे पहिल्या ओळीत जिथे दोन पट्ट्यांची टोकं मिळत, बरोबर तिथेच दुसऱ्या ओळीतही मिळत, तिसऱ्यातही. सांध्याखाली सांधा. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सांध्यांची सरळ रेघ धावू लागली, दोऱ्याने आखल्यासारखी. चौकडा जुळला होता.

फरशीवाला वरच्या मजल्यावर कामाला जाता जाता उघड्या दारात थबकला. चघळणं थांबवून त्याने पाहिलं.

"मास्तर, सांधे एका रेषेत आलेत."

"आलेत नाही. आणलेत."

"तसं नका करू. मागे-पुढे घ्या. विटा रचतात ना, तसे. एका रेषेत घेतले की सगळा जोर त्या रेषेवरच येतो. उद्या पट्ट्या फुगल्या की तिथेच वर येणार."

"तू चौकडा कापलायस कधी?"

"नाही बुवा."

"मग राहू दे. रेघ तुटली की काम तुटलं. विटांसारखं वेडंवाकडं घालायला मी काय कुंपण बांधतोय?"

फरशीवाल्याने खांदे उडवले. "घर तुमचं," म्हणाला आणि जिना चढून गेला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांची मास्तरांना मनस्वी चीड. त्यांनी ठोकळा लावला आणि पुढची पट्टी ठोकली.

जमीन पुरी झाली तेव्हा ती देखणीच दिसत होती, हे कबूल करायला हवं. शेजारीण चपला दाराबाहेर काढून आत आली आणि देवळात आल्यासारखी हळू बोलू लागली. लेक आली ती मात्र पारखायला. दारांच्या जागी तिने गुडघे टेकले, तळहात फिरवला, बोटं फिरवली, मोरीच्या कडेला नखाने चाचपलं. मास्तर भिंतीला टेकून उभे होते. गिऱ्हाइकाच्या जागी उभं राहायची त्यांची ही पहिलीच वेळ. शेवटी लेक उठली आणि तिने साडी झटकली.

"कुठेच काही लागत नाही, बाबा."

"लागणार कसं?" मास्तर म्हणाले.

बाई आल्या. चाकांच्या खुर्चीतून दारापर्यंत, मग काठी घेऊन आत. उजवा पाय जमिनीवरून सर्र करत मागून येत होता. कुठे अडला नाही. मधल्या खोलीत त्या थांबल्या, मान खाली घालून सांध्यांच्या रेघेकडे पाहिलं, काठीचं टोक तिच्यावरून थोडं फिरवलं. चौकडे शिवलेल्या बाई त्या, त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"कशी आहे?" मास्तरांनी विचारलं.

"असू दे," बाई म्हणाल्या.

मास्तर हसले. एवढ्यावर भागवायची आता त्यांना सवय झाली होती.

त्यानंतरचे काही आठवडे चांगले गेले. मास्तरांना स्वयंपाक येत नव्हता तो ते करायला शिकले, म्हणजे करपवायला शिकले. बाई निमूट जेवत. सकाळी पलंगावरून उठून त्या मधल्या खोलीतून खिडकीशी खुर्चीवर जाऊन बसत, दुपारी परत. मास्तर स्वयंपाकघरातून तो सर्र आवाज ऐकत. घरात माणूस असल्याचा आवाज तो. बाईंच्या पायात चप्पल राहत नसे, म्हणून त्या नुसत्या मोज्यावर चालत. मास्तर जाड सपाता घालून फिरत, त्यांना गार जमीन सोसत नसे.

मग हवा पालटली. दिवसेंदिवस ढग आणि ओल. कपाटाची दारं फुगून अडू लागली, मीठ पाझरू लागलं, उशांना दमट वास येऊ लागला. अशाच एका सकाळी मास्तर भांडी घासत असताना त्यांना आवाजात फरक जाणवला. सर्र, सर्र, मग क्षणभर काहीच नाही, मग पाय टेकल्याचा धप्प आवाज, आणि पुन्हा सर्र. ते ओल्या हाताने दारात आले. दुसऱ्या दिवशी पाळत ठेवून पाहिलं. खोलीच्या मध्यावर येऊन बाई थांबल्या, काठीवर सगळा भार दिला, तोंड घट्ट मिटलं, आणि उजवा पाय उचलला. खरोखर उचलला. पलीकडे टेकवला आणि पुढे गेल्या.

मास्तरांनी तिथल्या तिथे लेकीला फोन केला. "पाय उचलते! अगं, आई पाय उचलते!"

"काय सांगता?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलं. तुझ्याकडे इतके दिवस होती, उचलला का कधी?"

एवढं बोलायची गरज नव्हती, पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच.

मग मास्तरांनी व्यायाम सुरू केला. पाय उचलतोय म्हणजे उचलायला लावला पाहिजे, हे त्यांचं शास्त्र. सकाळी एक फेरी होती तिच्या तीन झाल्या, संध्याकाळी आणखी. पलंग ते खिडकी, खिडकी ते पलंग. मध्यावर आलं की बाईंच्या कपाळावर घाम डवरे, डावा हात काठीवर थरथरे. त्या थांबून मास्तरांकडे बघत.

"असू दे," म्हणत.

"असू दे नाही. परत."

"असू दे."

"आत्ता तर कुठे जमायला लागलंय. चल. परत."

आणि बाई परत वळत. आयुष्यभर वळल्या होत्या तशा.

लेकीने आईला दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या बाईंकडे नेलं तेव्हा मास्तर छाती पुढे काढून बरोबर गेले. त्या बाईंनी मास्तरीणबाईंना आडवं केलं, उभं केलं, पाय उचलायला सांगितला. पाय जागचा हलला, उचलला मात्र गेला नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच.

"घरी उचलतात म्हणता?" त्यांनी विचारलं.

"रोज. माझ्यासमोर."

"इथे तर ताकद दिसत नाही. फार कष्टाने उचलत असतील. घरी एवढं काय आहे, ते मला एकदा येऊन बघायचंय."

"जमीन आहे," मास्तर म्हणाले. "मी घातलेली. केव्हाही या."

लेकीने बापाकडे रागाने पाहिलं. परतीच्या वाटेवर मास्तर गाडीत तेच बोलत राहिले, की दवाखान्यातल्या फरशीवर कुणाला चालावंसं वाटेल. मास्तरीणबाई मागच्या सीटवर डोळे मिटून होत्या. व्यायामवाल्या बाई पुढच्या आठवड्यात यायच्या होत्या, त्यांना यावं लागलं नाही.

त्या दुपारी मास्तर गॅससमोर होते. "तू चालायला लाग, मी बघतोय हं," असं त्यांनी आतून ओरडून सांगितलं होतं, आणि ते बघत नव्हते. सर्र, सर्र असं ऐकू आलं. मग ती नेहमीची शांतता आलीच नाही. काठी आपटली आणि पाठोपाठ बाई.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात लेक आली. आईच्या उशाशी बसली आणि फक्त एवढंच म्हणाली, "मी सांगितलं होतं, बाबा." मास्तरांनी मान डोलवली. पडणं हे नशीब, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. इतकी प्रगती झाली होती, एक दिवस तोल गेला, त्याला कोण काय करणार? जमिनीचा यात दोष नव्हता, तिच्यावर तर नख अडत नव्हतं.

घरी आले ते बाईंचे कपडे न्यायला. अंगातला झगा दवाखान्यात कापावा लागला होता, दुसरे हवे होते. पिशवी भरताना त्यांना आठवलं की त्या झग्याचं वरचं बटण पडताना तुटून कुठेतरी घरंगळलं होतं. आता त्या बटणाचं काय करायचं होतं? झगाच उरला नव्हता. पण बटण जमिनीवर पडून राहणं मास्तरांच्याने बघवेना. चष्मा दवाखान्यात विसरला होता, म्हणून ते गुडघ्यांवर बसले आणि तळहाताने जमीन चाचपू लागले, दुकानात पडलेली टाचणी शोधायचे तसे.

मधल्या खोलीत हात अडला.

त्यांनी बोट मागे नेलं आणि पुन्हा पुढे आणलं. पुन्हा अडलं. सांध्यांची रेघ, इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत, कड्यासारखी वर आली होती. जास्त नाही, नखभर. उभ्याने बघितलं तर दिसत नव्हती, जाड सपातांना कळत नव्हती. लाकूड फुगलं होतं आणि त्याला वर यायला जी एक सरळ वाट करून ठेवली होती, तिथून वर आलं होतं.

 मास्तर उठले, सपाता काढल्या, मोजे घातले आणि पलंगापाशी गेले. उजवा पाय ढिला सोडून, फरफटत, बाई चालायच्या तसे चालत आले. रेघेपाशी अंगठा ठेचला. मागे जाऊन पुन्हा आले, पुन्हा ठेचला. तेव्हा सगळं एकदम त्यांच्या अंगावर आलं. पाय बरा झाला नव्हता. जमीन वर आली होती. होती नव्हती तेवढी ताकद त्या एका जागी लावून बाई ती रेघ ओलांडत होत्या, आणि घामाघूम होऊन सांगत होत्या, की असू दे. आणि आपण त्यांना परत परत त्याच रेघेवरून फिरवत होतो.

मास्तर रडले. दुकान बंद केलं तेव्हा रडले नव्हते, सुई पडली तेव्हाही नव्हते. आता रिकाम्या घरात जमिनीवर बसून त्यांनी तोंडाला हातही लावला नाही. बटण पलंगाच्या पायाशी होतं, ते सापडल्यावर खिशात टाकलं.

ठोकाठोकी ऐकून फरशीवाला वरून खाली आला. मास्तर भिंतीकडेच्या पट्ट्या उचकटत होते. त्याने एका नजरेत ओळखलं. 'मी सांगितलं होतं' असं तो म्हणाला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं, पण त्याने तसं काही म्हटलं नाही.

"अख्खी कशाला काढताय? त्या रेषेवर एक पट्टी मारून देतो. कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"नाही," मास्तर म्हणाले. "उसवायची."

अशी जमीन उसवायची म्हणजे शेवटची पट्टी आधी काढावी लागते, मग तिच्या आधीची, असं करत पहिलीपर्यंत. शिवणीचंही तसंच असतं. मास्तरांनी ती एकट्याने उसवली आणि एकट्याने पुन्हा घातली. या वेळी सांधे मागे-पुढे घेतले. रेघ तुटली, गाठीला लाट मिळाली नाही, सगळं विस्कटल्यासारखं दिसू लागलं. फरशीवाल्याच्या सांगण्यावरून दारांत जमीन तोडली, आणि पितळी पट्टीऐवजी ती फट मऊ बुचाने जमिनीच्या पातळीत भरून घेतली. हे असं होऊ शकतं, हे त्याला त्याच दिवशी विचारलं असतं तर त्याने त्याच दिवशी सांगितलं असतं. पण विचारणं हा मास्तरांचा धंदा कधी नव्हता. काम संपल्यावर ते मोज्यांवर, पाय फरफटत, प्रत्येक खोलीतून चालले. कुठे अडला नाही.

मग ते लेकीच्या घरी गेले. मागच्या खोलीत बाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. त्यांचा चेहरा उशीत अगदी लहान दिसत होता. लेक दारात उभी राहिली. मास्तरांनी खुर्ची पलंगाशी ओढली, पण बसले नाहीत.

"शिवण वर आली होती," ते म्हणाले. "मला कळलं नाही. तुला कळलं होतं."

बाईंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. लेकीला हे सगळं नवं होतं. "कसली शिवण?" तिने विचारलं.

मास्तरांनी तिलाही सांगितलं. पाय उचलत नव्हती, ओलांडत होती, आणि मी तिला परत परत फिरवत होतो, असं सगळं. काही आडपडदा ठेवला नाही. लेकीने पदर तोंडाशी नेला. 

"सगळी उसवली मी," मास्तर बाईंना म्हणाले. "पुन्हा घातली. दिसायला काही खास नाही, अगदी गबाळी दिसते. पण पाय अडत नाही. मी चालून बघितलंय, तुझ्यासारखा." ते थांबले. विषय काढायचा नाही असं ठरलं होतं, तरी त्यांनी काढला. "हाड भरलं की येशील?"

 बाईंचा डावा हात पांघरुणाखालून बाहेर आला आणि मास्तरांच्या बाहीच्या टोकाशी गेला. तिथे एक टाका सुटला होता, तो बोटाने दाबून जागच्या जागी बसवला. मग हात परत पांघरुणात गेला.

"असू दे," बाई म्हणाल्या, आणि भिंतीकडे वळल्या.

मास्तरांच्या ओठांवर सवयीने आलंच होतं, 'असू दे नाही'. ते त्यांनी गिळलं. सगळ्या आयुष्यात बाईंना त्यांनी कधी दिलं नव्हतं, ते उत्तर आज दिलं.

"बरं," ते म्हणाले.